दरवाजापट्टी आणि आमचा बस्ता

मला पैसे भरायचे होते. एवढी एक गोष्ट वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावी, कारण आमच्या कॉलनीत सध्या असा समज पसरला आहे की मी तीनशे रुपये वाचवायला गेलो आणि स्वतःचं हसं करून घेतलं. हसं झालं, हे मला मान्य आहे. वाचवायला गेलो, हे साफ खोटं आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. एकदा घरी नेलेलं पुस्तक माझ्याकडून दोन दिवस उशिरा परत आलं, तेव्हा मीच माझ्या नावाची दंडाची पावती फाडली होती. असल्या माणसाला लोक चिंगूस म्हणू लागले, तर त्यानं कोणाच्या तोंडाकडे बघावं?

आमच्या जुन्या शहरात गाड्यांची फार गर्दी होते, म्हणून प्रयोगादाखल एक पट्टी बसली. सकाळी नऊ ते रात्री आठ या वेळात जुन्या वेशीच्या दरवाजांच्या आत चारचाकी न्यायची, तर शंभर रुपये. कागदोपत्री नाव 'गर्दी आकार'. लोकांच्या तोंडी 'दरवाजापट्टी'. शेजारचे सूर्यभानराव तहसिलातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सगळ्याच गोष्टींचा इतिहास ठाऊक असतो. ते म्हणाले, ही निजामाच्या वेळची करोडगिरीच परत आली. फरक इतकाच की तेव्हा नाक्यावर माल उघडून बघत आणि मग जकात घेत, आता न बघताच घेतात. मी मान डोलावली. मनातून मात्र मी पट्टीच्या बाजूचा होतो. मी पायी चालणारा माणूस. शहागंजात रस्ता ओलांडायला मी कधीकधी पंधरा मिनिटं नुसता उभा असतो, आणि शेवटी एखादा कनवाळू रिक्षावाला मला आत बसवून पलीकडे नेऊन सोडतो. गाड्या कमी होणार असतील तर चांगलंच, असं मला वाटे. हे मी कोणाला बोललो नाही. मी सहसा बोलत नाही, कारण बोलून झाल्यावर आपलं चुकलं असेल की काय, याचा मी चार दिवस विचार करत बसतो.

पण पट्टी माझ्या मार्गात आली ती माझ्या नातीच्या लग्नामुळे.

तनुजाचं लग्न वैजापूरच्या शिवमशी ठरलं. दोघंही वाळूजच्या एका कंपनीत कामाला. त्यांचं आपसात ठरल्यावर आम्हाला विचारण्यात आलं, आणि आम्ही बराच विचार केल्यासारखं दाखवून हो म्हटलं. शिवमचे वडील नानासाहेब कांद्याचे व्यापारी. मोठा बारदाना, मोठा आवाज, पण मनानं मऊ. त्या घरात शब्द चालतो तो नानासाहेबांच्या आईचा, आवडाबाईंचा. वय नव्वदीच्या घरात.

साखरपुड्याच्या दिवशी मंगल कार्यालयाबाहेर उभी केलेली नानासाहेबांची गाडी क्रेननं उचलून नेली. जरीचा फेटा बांधलेल्या अवस्थेत त्यांनी दोन तास उचललेल्या गाड्यांच्या आवारात काढले, आणि इकडे ओटी भरायचा मुहूर्त टळून गेला. आवडाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. वैजापूरला गेल्यावर बोलल्या. पहिल्याच पावलाला वाट अडली, हे काही बरं चिन्ह नव्हे. आणखी एकदा वाट अडली, तर ही सोयरीक देवालाच मंजूर नाही असं समजायचं आणि सुपारी परत करायची. नानासाहेबांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "मी तसलं काय मानत नाय, सर. पर आईपुढं माझं काय चालत नाय."

आणि आता बस्ता यायचा होता. लग्नाचं सगळं कापड, शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत, दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून एकाच दिवशी एकाच दुकानातून घ्यायचं, याला आमच्याकडे बस्ता बांधणं म्हणतात. नानासाहेबांच्या घरचा बस्ता तीन पिढ्या शहागंजातल्या एकाच दुकानात बांधला गेलेला. म्हणजे त्यांच्या तीन गाड्या दरवाजातून आत जाणार. पट्टी गाडीच्या काचेवरच्या टॅगमधून आपोआप कापली जाते आणि तत्क्षणी मालकाच्या फोनवर संदेश जातो. बस्त्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, हे खरं. पण आपल्या गावी आलेल्या व्याह्यांना चहापासून वाहनापर्यंत एक पैसा खर्चू द्यायचा नाही, ही आमची रीत. त्यात टॅगमध्ये पैसे कमी असले, तर आडवा दांडा वर जात नाही, म्हणजे वाट अडलीच.

तनुजा माझ्या खोलीत आली, पुस्तकं बाजूला सारून पलंगावर बसली. "आबा, हे तुम्हीच बघा. पप्पांना सांगितलं तर ते 'होऊन जाईल' म्हणतात. तुम्ही निदान वाचता तरी."

माझ्यावर कोणी काही सोपवण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. मी चष्मा पुसला आणि पट्टीची बावीस पानांची नियमावली वाचून काढली. शहरात माझ्याइतकी ती कोणीच वाचली नसावी. लिहिणाऱ्यानंही नाही, कारण सहावं आणि अकरावं पान एकमेकांशी भांडत होतं. पण नववं कलम पाहून मला हायसं वाटलं. शहरातल्या नोंदणीकृत वाहनमालकास आपल्या पाहुण्याच्या वाहनाचा आकार आगाऊ भरून 'अतिथी पास' काढता येईल. आमची जुनी मोटार अजून माझ्याच नावावर आहे. झालं, मी म्हटलं.

आधी गाड्यांचे क्रमांक हवे होते. वरपक्षाकडे गाड्यांचे क्रमांक मागणं म्हणजे तुमच्या दारात किती गाड्या आहेत, असं विचारण्यासारखं. फोनवर मी नानासाहेबांशी पाऊसपाण्याबद्दल आणि कांद्याबद्दल वीस मिनिटं बोललो, पण विषय गाडीकडे काही वळला नाही. शेवटी तनुजानं शिवमला विचारून अर्ध्या मिनिटात क्रमांक आणले.

मग सल्ले सुरू झाले. सूर्यभानरावांचं मत, सगळ्यांनी नऊच्या आत दरवाजातून शिरावं. दुकान साडेदहाला उघडतं, हे मी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, गाडीत बसून राहावं, बोलावं, नवीन सोयरिकीत ओळख वाढते. समोरच्या रत्नमालाताईंनी सुचवलं की गाड्या बाहेर ठेवून सर्वांना रिक्षानं न्यावं. नव्वदीच्या विहीणबाईंना शेअर रिक्षात कोंबण्याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून दोन दिवस हललं नाही. आमच्या घरात माझ्या बायकोनं, सत्यशीलेनं, सरळ सांगितलं की शंभराच्या तीन नोटा घ्या आणि गेटवर उभे राहा. गेटवर रोख घेत नाहीत, हे मी तिला चौदाव्या पानावर दाखवलं. ती म्हणाली, जे सरकार रोख घेत नाही ते कसलं सरकार.

दहा-बारा दिवस या खिडकीतून त्या खिडकीत हिंडून शेवटी मी गर्दी नियंत्रण कक्षात पोचलो. खिडकीतल्या गृहस्थानं विचारलं, प्रयोजन काय. बस्ता, मी म्हटलं. त्यानं संगणकात पाहिलं. प्रयोजनं चारच होती: वैद्यकीय, विवाह, अंत्यविधी, इतर. 'इतर'ला वरच्या साहेबांची सही लागते आणि साहेब महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेलेले. मग विवाह लिहा, मी म्हटलं. विवाहाला लग्नपत्रिका जोडावी लागते. मी समजावलं की आमच्याकडे बस्ता बांधल्याशिवाय पत्रिका छापत नाहीत. कापड घेताना दोन्हीकडची थोर माणसं एकत्र बसतात, तेव्हाच पत्रिकेतल्या नावांचा क्रम ठरतो, आणि त्यावरची भांडणंही तिथंच मिटतात. त्यानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "मग पत्रिका छापल्यावर बस्ता करा ना काका."

माझ्या निम्म्या वयाचा माणूस. लग्न कुठल्या क्रमानं लावायचं, हे आमच्या वाडवडिलांनी ठरवलं, आणि यानं एका वाक्यात ते उलटं केलं, तेही पुढच्या माणसाला 'हां, बोला' म्हणत. मला इतका राग आला की मी त्याला खरंच काही तरी बोलणार होतो. पण मागचा माणूस पुढे सरकला होता आणि त्याच्या खांद्यावरून बोलणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी सूर्यभानराव म्हणाले, एकच पत्रिका छापून घ्या, फक्त अर्जासाठी. मी नकार दिला. ज्यानं जन्मभर छापील अक्षर सांभाळलं, त्यानं खोटं काही छापून घ्यायचं, हे मला पटेना. माझी तत्त्वं अशी कडक होती. चोवीस तासांनंतर त्यांचं काय झालं, ते पुढे येतंच आहे.

बस्त्याच्या आदल्या दिवशी मी मोनिकाच्या ई-सेवा केंद्रात गेलो. मोनिका आमच्या कॉलनीची सून. तिच्या टेबलाशी सातबारापासून पेन्शनपर्यंत सगळी कामं होतात. तिनं सगळं भरलं आणि प्रयोजनापाशी थांबली. मग म्हणाली, अंत्यविधी टाकू का? त्याला कागद लागत नाही, शिवाय फीही नाही. दुःखातल्या माणसाकडे कागद मागू नयेत आणि पैसेही घेऊ नयेत, असा हेतू नियमावलीत लिहिलेला होता. खरं सांगायचं तर बावीस पानांतलं तेवढं एकच वाक्य वाचून मला भरून आलं होतं.

मी म्हटलं, छे, बस्त्याच्या गाड्यांना अंत्यविधी? आणि मला पैसे भरायचे आहेत, बाई. ती म्हणाली, आबा, पैसे भरायच्या सगळ्या वाटा बंद आहेत, आणि पास कोण वाचतं? कॅमेरा नंबर बघतो, दांडा वर जातो. मागे चार माणसं उभी होती. एकाच्या हातात लहान मूल होतं आणि ते माझ्याकडेच बघून रडत होतं. मी 'बरं' म्हणालो. माझ्या आयुष्यातली निम्मी संकटं या एका शब्दातून निघाली आहेत.

पुढचा रकाना होता: मयताचे नाव. तो रिकामा सोडता येईना. मोनिका म्हणाली, कुणाचंही टाका. कुणाचंही कसं टाकायचं? घरात लग्न, कोणा जिवंत माणसाचं नाव तिथं सांगायला माझी जीभ रेटेना, आणि आधीच गेलेल्याला पुन्हा मारणं बरं नव्हे. मग मला वाटलं, हे आपल्याच अंगावर घ्यावं. माझ्या आधीची दोन भावंडं आमच्या गावी, पाचोडला, पाळण्यातच गेली, म्हणून आईनं माझं नाव कडुबा ठेवलं. यमाला कडू लागावा आणि त्यानं तोंडात घेऊ नये. अठ्ठ्याहत्तर वर्षं ते नाव टिकलं होतं. एका पासाला काय होतंय, असा विचार करून मी माझंच नाव दिलं. अर्जदार कडुबा, मयत कडुबा, दोघांचा फोन नंबर एक. ज्या यंत्राला 'बस्ता' चालला नव्हता, त्याला मेलेला माणूस स्वतःच्या अंत्यविधीच्या पाससाठी चालत आला, हे निमूट चाललं. तीन पास मिळाले. मी घरी कोणाला काही बोललो नाही.

सकाळी अकराला आम्ही मिल कॉर्नरला भेटलो. पुढे आमची मोटार. मुलगा रामेश्वर चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे सत्यशीला आणि तनुजा. आमच्या मागे वैजापूरच्या तीन गाड्या. भडकल गेटच्या अलीकडे पट्टीवाल्यांचा मांडव, आडवा दांडा आणि त्यावर एक भला मोठा लाल अक्षरांचा फलक. आमची गाडी दांड्याशी गेली. दांडा हलला नाही. फलकावर अक्षरं सरकू लागली: वाहनमालक मयत. खाते बंद. वारसांनी कक्षाशी संपर्क साधावा.

सत्यशीलेनं ते मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

मी उतरलो. दांड्याशी हनुमान नावाचा कर्मचारी होता. नाव छातीवर लावलेलं. मी म्हटलं, काही तरी गैरसमज आहे. त्यानं आदबीनं विचारलं, तुम्ही वारस का? मी म्हटलं, मी मालक. तो म्हणाला, मालक तर वारले. सांगताना त्यानं टोपी काढली. मी आधारकार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, नाव जुळतंय, पण कार्ड मेल्यावरही तसंच राहतं, काका. मागे भोंगे वाजू लागले. रांग मिल कॉर्नरपर्यंत गेली असावी. गर्दी हटवायला बसवलेल्या दांड्यापाशी मी एकट्यानं त्या दिवसाची सर्वांत मोठी गर्दी करून दाखवली होती.

नानासाहेब उतरून आले. तेवढ्यात फलकानं त्यांची गाडी टिपली: अंत्यविधी. विनाशुल्क प्रवेश. मयत: श्री. कडुबा. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नानासाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"सर, हे तुमचंच नाव हाय ना?"

आणि मग माझ्या आतून काही तरी निघालं. मी ओरडलो. मला आवाज आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी हनुमानला, कक्षाला, बावीस पानांना, प्रशिक्षणाला गेलेल्या साहेबांना आणि सहाव्या-अकराव्या पानाला एका दमात सांगितलं की मी जिवंत आहे, मला पैसे भरायचे होते, मी पंधरा दिवस पैसे घेऊन हिंडतोय आणि या शहरात माझे तीनशे रुपये घ्यायला एक खिडकी नाही. पाहुण्यांसाठी मला मरावं लागलं, आणि मेल्यावरही मला आत सोडत नाहीत. बोलता बोलता सगळं खरं सांगून बसलो. रामेश्वरनं कपाळाला हात लावला. तनुजा गाडीतून उतरून आवडाबाईंच्या गाडीकडे बघत होती. वाट अडली होती. तीही अंत्यविधीच्या नावानं.

मागच्या गाडीचं दार उघडलं आणि आवडाबाई काठी टेकत आल्या. भोंगेवालेसुद्धा थांबले. फलकावर काय लिहिलंय, ते त्यांनी नानासाहेबांकडून ऐकलं. पोरीचा आजा मेला म्हणून लिहिलंय, आणि ते त्यांनीच लिहून दिलंय, असं नानासाहेबांनी खाली मान घालून सांगितलं. म्हातारीनं मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"कावळ्याचं जोडपं नको त्या येळी नजरेस पडलं तर आपुन काय करतो, नाना?"

नानासाहेब गोंधळले. मग म्हणाले, अपशकुन टळावा म्हणून सोयऱ्याला मेल्याचा खोटा सांगावा धाडतो.

"व्हय. सोयरे रडत्यात, पीडा टळती. साखरपुड्याला जी वाट अडली, ती पीडाच व्हती. आन या मानसानं काय केलं? दुसऱ्या कुणाचं नाय, सोताच्या नावानं सांगावा धाडला. इतकं कोन करतंय पोरीसाठी?"

मी असा काही विचार केलेला नव्हता, हे मी सांगणार होतो. तनुजानं माझा हात इतक्या जोरात दाबला की मी गप्प बसलो.

पण आवडाबाईंचं एवढ्यावर भागेना. सांगावा आला तर रडणं झालंच पाहिजे, नाहीतर पीडा अर्धीच टळते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढला. वैजापूरच्या पाच बायका उतरल्या आणि त्यांना सामील झाल्या. भडकल गेटसमोर भर दुपारी माझ्यासमोर माझ्या नावानं रडण्यात आलं. मी किती गरीब स्वभावाचा होतो, किती वाचायचो, हे मी स्वतः ऐकलं. सत्यशीलेला हसू आवरेना म्हणून तिनंही तोंडाला पदर लावला, आणि दुरून ते चांगलं दिसलं. हनुमाननं गहिवरून वैजापूरच्या तिन्ही गाड्यांसाठी दांडा वर केला. आमच्या मोटारीला मात्र परवानगी नाही, असं त्यानं जड अंतःकरणानं सांगितलं.

"आता मयतालाच मागं ठिवता व्हय?" नानासाहेब म्हणाले. "त्यांच्याबिगर अंत्यविधी कशाचा?" आणि त्यांनी मला स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. रामेश्वरनं आमची मोटार बाजूला लावली, सत्यशीला आणि तनुजा आवडाबाईंशेजारी दाटीवाटीनं बसल्या, आणि आम्ही सारे फुकटात शहागंजात शिरलो. माझे तीनशे रुपये खिशात तसेच होते.

दुकानात गाद्यांवर बसल्यावर आवडाबाईंनी तनुजाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि तिची पाठ थोपटली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आता शालू निघतील, असं वाटलं. पण त्यांनी दुकानदाराला पहिल्यांदा एक पांढरं धोतर, उपरणं आणि टोपी काढायला लावली. मेल्याची आवई उठलेल्या माणसाला नवं कापड नेसवल्याशिवाय शुभकार्यात बसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. धोतर चांगलं होतं, किंमतही तशीच होती. नानासाहेबांनी पाकीट काढलं.

आता हे माझ्या सहनशक्तीपलीकडचं होतं. पंधरा दिवस मी खिडक्यांसमोर उभा राहिलो, माझी तत्त्वं सोडली, मेलो, रस्त्यावर माझ्यासाठी रडून झालं, ते एवढ्यासाठीच की वरपक्षाचा एक पैसा आमच्या गावात खर्च होऊ नये. आणि बस्त्याचा पहिलाच खर्च वरपक्ष माझ्यावर करणार. मी उठून उभा राहिलो. दिवसभरात दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. मी म्हटलं, हे चालायचं नाही, तुम्ही आमचे पाहुणे आहात, पैसे मी देणार.

आवडाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. त्या धोतराचा काठ बोटांनी चाचपून बघत होत्या.

"मेलेल्या मानसानं मधी बोलू नाय, इवाई. बसा खाली."